सर्बियातली रयत आणि मिशारची लढाई

(कार्यकर्ता शिबिरात रात्री झालेलं बोलणं. ज्या पाड्यांवरचे साथी येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. पाड्यावर एकानं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. मध्येच थांबवून प्रश्न विचारले तरी चालतील.)



शिबिराच्या पहिल्या दिवशी एक प्रश्न निघाला आणि तसाच राहिला. आपण खेडतो त्या जंगलजमिनीचा. समजा उद्या सरकार म्हणालं, सगळ्यांचं जमणार नाही, निम्म्या प्लॉटांचा कागद देतो, तर घ्यायचा की नाही? काही जण म्हणाले, मिळतंय ते घ्या. काही म्हणाले, घेतलं की संघटना फुटली. आवाज चढले. मग जेवणाची वेळ झाली आणि विषय राहिला.

आम्ही त्या दिवशी उत्तर दिलं नाही, आजही देणार नाही. उत्तर तुमच्या बैठकीत ठरेल. आज आम्ही एका लांबच्या मुलखातल्या शेतकऱ्यांची गोष्ट सांगणार आहोत. त्यांनी एक मोठी लढाई जिंकली. जिंकल्यावर त्यांच्यापुढं बरोबर हाच प्रश्न आला.

मुलूख कुठला? सर्बिया. युरोपात आहे. काळ कुठला? 1804 ते 1815. आपल्याकडे तेव्हा इंग्रज आणि मराठे यांच्यात युद्ध पेटलं होतं, असईची लढाई 1803 ची. त्याच सुमाराला तिकडं तुर्कस्तानच्या सुलतानाचं राज्य होतं आणि त्या राज्याच्या एका कोपऱ्यात ही माणसं राहत होती. त्या मुलखाच्या मधल्या भागाचं नाव शुमादिया. त्यांच्या भाषेत शुमा म्हणजे जंगल. जंगलाचा मुलूख. ओकची मोठमोठी झाडं. त्या झाडांची फळं खाऊन डुकरं पोसली जायची आणि नदीपलीकडे ऑस्ट्रियात विकली जायची. थोडी शेती, थोडी जनावरं आणि जंगल, यावर त्यांचं पोट.

आता एक गंमत ऐका. तुर्की राज्यात अशा कसणाऱ्या लोकांना, विशेषतः ख्रिस्ती शेतकऱ्यांना, काय म्हणत? राया. आपला 'रयत' शब्द आहे ना, तोच हा. मूळ अरबी. तो पूर्वेला आपल्याकडे आला आणि पश्चिमेला त्यांच्याकडे गेला. गावाचं उत्पन्न ज्याला लावून दिलेलं असे त्या घोडेस्वाराला ते स्पाही म्हणत. म्हणजे आपला शिपाई. न्याय करायला काझी, हुकूम म्हणजे फर्मान. राज्य वेगळं, देव वेगळे, पण रयतेवर चालणारे शब्द तेच.

जुना जुलूम आणि नवा जुलूम

जुन्या रिवाजात स्पाहीला पिकाचा दहावा हिस्सा द्यावा लागे, शिवाय सुलतानाचा डोईपट्टीचा कर. हे ओझं होतंच. पण एक गोष्ट होती. रयत कसत आहे तोवर तिला जमिनीवरून उठवता येत नसे, आणि बापामागं मुलगा कसत असे. 1793-94 च्या सुमारास सुलतान तिसऱ्या सेलिमनं फर्मानं काढून आणखी थोडं दिलं. कर गावच्या प्रमुखांनी स्वतः गोळा करायचा, आणि जानिसरी नावाचे उर्मट झालेले सैनिक या मुलखात पाऊल ठेवणार नाहीत. गावच्या प्रमुखाला तिकडं क्नेझ म्हणत, आपल्या पाटलासारखा समजा.

कागद चांगला होता. टिकला किती? जानिसरी परत आले. 1801 मध्ये त्यांनी बेलग्रेडच्या पाशालाच मारलं. हाजी मुस्तफा त्याचं नाव. तुर्की अधिकारी, पण रयतेला न्यायानं वागवायचा, म्हणून सर्ब लोक त्याला 'सर्बांची आई' म्हणायचे. त्याला मारून जानिसरींच्या चार म्होरक्यांनी मुलूख आपसांत वाटून घेतला. या चौघांना दाहिया म्हणत.

दाहियांनी काय केलं? गावोगाव आपली माणसं बसवली आणि रयतेच्या जमिनी आपल्या खाजगी मालकीच्या ठरवल्या. स्पाहीचा दहावा हिस्सा चालूच, त्यावर या नव्या मालकाचा वेगळा वाटा. एका शेतावर दोन धनी. बाप-आज्यापासून कसणारा माणूस आपल्याच शेतात कूळ झाला. हे ऐकून इथं बसलेल्या म्हाताऱ्यांना काही नवीन वाटणार नाही. सावकाराच्या वहीत आणि तलाठ्याच्या दप्तरात आपल्या किती जमिनी अशाच गेल्या ते तुम्हीच आम्हाला सांगितलेलं आहे.

लोक सुलतानाकडे अर्ज करू लागले. दाहियांना भीती वाटली की हे उठतील. म्हणून त्यांनी उठण्याआधीच पुढारी कापायचं ठरवलं. 1804 च्या सुरुवातीला गावोगावच्या क्नेझांना पकडून मारलं. आलेक्सा नेनादोविच आणि इलिया बिरचानिन या दोघांची डोकी वाल्येवो गावात कोलुबारा नदीच्या पुलाजवळ उडवली. हेतू असा की पुढारी गेले की लोक बसतील.

पण लोक जंगलात गेले, आणि फेब्रुवारी 1804 मध्ये ओराशात्स गावाजवळच्या एका घळीत जमले. सुमारे 300 माणसं. पुढारी कोण? आधी ग्लावाश नावाच्या एका रानात राहणाऱ्या बंडखोराचं नाव निघालं. तो म्हणाला, मी दरोडेखोर म्हणून ओळखला जातो, घरदार असलेली माणसं माझ्यामागं येणार नाहीत. मग त्या गावच्या क्नेझाचं नाव निघालं. त्यानंही नको म्हटलं. शेवटी निवड झाली ती डुकरांचा व्यापार करणाऱ्या एका शेतकऱ्याची. नाव जॉर्जे. तुर्क त्याला कारा म्हणजे काळा म्हणायचे, म्हणून काराजॉर्जे. ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तानच्या आधीच्या युद्धात तो ऑस्ट्रियाच्या बाजूच्या स्वयंसेवकांत होता. लढाई कशी लढतात ते त्यानं तिथं पाहिलं होतं.

त्यांच्याकडं हत्यारं काय होती? जुन्या बंदुका, सुरे, काठ्या. तोफ नव्हती, तर चेरीच्या झाडाचा बुंधा कोरून तोफ केली. दारूगोळा नदीपलीकडून चोरून आणायचा. आणि सैन्य म्हणजे पगारी शिपाई नव्हेत. शेतावर काम आलं की माणसं घरी जायची, त्यांच्या जागी दुसरी यायची. भाकरी घरून.

सुरुवातीला ते सुलतानाविरुद्ध नव्हतेच, हे नीट लक्षात ठेवा. ते म्हणत होते, आम्ही सुलतानाचीच रयत, आम्हाला त्याचं फर्मान लागू करा, दाहियांना काढा. म्हणजे आपण म्हणतो ना, कायदा तुमचाच आहे, तो पाळा, तसंच. 1804 च्या उन्हाळ्यात चारही दाहिया मारले गेले. मग सुलतानाचं म्हणणं पडलं की झालं, आता हत्यारं खाली ठेवा, घरी जा. रयत म्हणाली, घरी जातो, पण पुन्हा असं होणार नाही याची हमी कोण देणार? फर्मान तर आधीही होतं. इथं सगळं फिरलं. दाहियांविरुद्ध उठलेली रयत चालते, हमी मागणारी रयत चालत नाही. 1805 मध्ये सुलतानानं स्वतःची फौज पाठवली. इवान्कोवात्स या गावापाशी रयतेनं ती अडवली आणि मागं लावली. तिथून पुढं हे सरळ साम्राज्याशी युद्ध झालं.

मिशार, ऑगस्ट 1806

1806 च्या उन्हाळ्यात दोन बाजूंनी फौजा आल्या. दक्षिणेकडून निशच्या वाटेनं एक, आणि पश्चिमेकडून द्रिना नदी ओलांडून बोस्नियाची. बोस्नियाची फौज मोठी आणि नावाजलेली. बेग, कप्तान, घोडे, तोफा, तंबू. पश्चिमेकडच्या काही भागात लोकांचा धीर सुटला, शरण जायला सुरुवात झाली. कुणाला दोष देणार? घर जळेल, पोरं पळवली जातील ही भीती खरी होती.

काराजॉर्जेनं जागा निवडली ती मिशार. सावा नदीच्या काठच्या सपाटीवर, शाबात्स या तुर्कांच्या हातातल्या किल्ल्यापासून जवळ. सपाटीवर घोडदळापुढं शेतकरी टिकत नाही, हे सगळ्यांना माहीत. म्हणून त्यांनी सपाटीवरच मातीचा कोट उभा केला. चर खणला, माती आत टाकून बांध घातला, बांधावर लाकडाचे खांब रोवले. तटबंदी बांधायला इंजिनिअर नव्हता. पण माती उकरणं, बांध घालणं, लाकूड तोडून रोवणं हे शेतकऱ्याच्या हाताला जन्मापासून येतं. ज्या हातांनी शेताला कूड केलं त्याच हातांनी हा कोट झाला.

पुस्तकांत त्यांची संख्या दिली जाते ती सुमारे 7,000 पायदळ आणि 2,000 घोडेस्वार. समोर कितीतरी पट. काही पुस्तकांत 40,000 हा आकडा सापडतो. इतके होते की नाही, सोडून द्या. जास्त होते आणि चांगल्या हत्यारांचे होते, एवढं पुरे.

काराजॉर्जेनं दोन गोष्टी केल्या. एक, पायदळ घेऊन तो स्वतः कोटात बसला, आणि घोडेस्वार बाजूच्या कितोग नावाच्या जंगलात लपवले. दुसरी, त्यानं कोटातल्या माणसांना सांगितलं की मी बार काढल्याशिवाय कुणीही बंदूक उडवायची नाही. शत्रू अगदी जवळ येईपर्यंत थांबायचं.

साथींनो, या लढाईतलं सगळ्यात अवघड काम हेच होतं. समोरून हजारो माणसं ढोल वाजवत, ओरडत चालून येतात आणि तुम्ही बांधाआड गप्प बसता. एकाचा हात चुकला, एकानं घाबरून बार काढला, की शेजारचा काढणार, मग सगळेच, आणि भरलेल्या बंदुका वाया. त्या काळची बंदूक पुन्हा भरायला वेळ लागायचा. म्हणजे पहिला बार हाच खरा बार. आणि हे पगारी शिपाई नव्हेत, हे शेतकरी. तरी ते थांबले. अगदी टप्प्यात आल्यावर काराजॉर्जेची बंदूक वाजली आणि पूर्ण कोट एकदम पेटला. पुढच्या रांगा पडल्या. मागच्या रांगा अडखळल्या. तेवढ्यात जंगलातून घोडेस्वार निघाले आणि बगलेवर, पाठीवर आदळले. पुढं कोट, मागं घोडे. फौज मोडली. कुलीन कप्तान नावाचा त्यांचा मोठा सरदार मारला गेला, आणखीही नामवंत पडले. उरलेले पळत सुटले.

वूक काराजिच या माणसानं पुढं सर्बांची लोकगाणी गोळा केली. त्यात मिशारच्या लढाईचं गाणं आहे, फिलिप विश्निच या आंधळ्या गायकाचं. गुस्ले नावाचं तंतुवाद्य वाजवून तो गायचा. या गाण्याची एक गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. ते जिंकलेल्यांच्या छावणीत सुरू होत नाही. ते सुरू होतं शत्रूच्या घरी. कुलीन कप्तानाची बायको वाट बघते आहे आणि दोन काळे कावळे तिला बातमी आणतात. गायक जिंकलेल्या बाजूचा, तरी त्यानं आधी त्या बाईचं दुःख सांगितलं. आणि हेही ध्यानात घ्या की समोरच्या बोस्नियाच्या फौजेतले पुष्कळसे तुर्क नव्हते. ते त्याच भाषेत बोलणारे, तिथलेच, धर्मानं मुस्लिम. आपल्यावर लाठी घेऊन येणारा पोलीसही कधी कधी आपल्याच बोलीत शिवी देतो.

जिंकल्यावर

मिशारनंतर पश्चिमेचा धोका सरला, दक्षिणेची फौजही देलिग्रादच्या कोटापाशी अडली. आता सुलतानाला बोलणं भाग पडलं. पेतार इच्को नावाचा व्यापारी सर्बांचा वकील म्हणून राजधानीत गेला आणि 1806 च्या शरद ऋतूत तडजोड घेऊन आला. काय होतं त्यात? वर्षाला एक ठरावीक रक्कम सुलतानाला द्यायची, बाकी कर आणि कारभार सर्बांनी आपला आपण बघायचा, जानिसरी बाहेर. सुलतानाचं राज्य मात्र नावाला राहणार.

घ्यायचं की नाही? आला ना आपला प्रश्न.

त्यांनी आधी बरं म्हटलं, मग नाकारलं. का? कारण डिसेंबर 1806 मध्ये रशिया आणि तुर्कस्तान यांचं युद्ध सुरू झालं. रशिया म्हणाला, आमच्या बाजूनं लढा. पूर्ण स्वातंत्र्य दिसू लागलं, मग निम्मं कोण घेणार? त्याच हिवाळ्यात त्यांनी बेलग्रेड घेतलं. तिथं एक काळी गोष्ट घडली, ती लपवू नये. शरण येऊन निघालेल्या तुर्की सैनिकांना आणि शहरातल्या साध्या मुस्लिम माणसांना त्यांनी मारलं. ज्यांनी जुलूम सोसला त्यांनीच केला. 

काही वर्षं त्यांनी स्वतःचं राज्य चालवलं. राज्य चालवणारी परिषद होती, न्यायसभा होत्या, 1808 मध्ये बेलग्रेडला मोठी शाळाही निघाली. पण आतून दोन किडी लागल्या. एक, पुढाऱ्यांची भांडणं. 1809 मध्ये चेगारच्या टेकडीवर स्तेवान सिंजेलिच एका कोटात लढत होता. बाकीच्या सरदारांत आधीच फूट पडलेली, मदत आली नाही. कोट पडतोय हे बघून त्यानं दारूच्या साठ्यातच बार टाकला. तुर्कांनी तिथल्या मेलेल्यांच्या कवट्या भिंतीत बसवून निश शहरात मनोरा बांधला. आधी 952 कवट्या होत्या, आज 58 उरल्या आहेत. दुसरी कीड याहून हळू खाणारी. तुर्क पळाले त्यांच्या मोकळ्या जमिनींवर काही सरदारांनी स्वतःचं नाव लावलं, आणि रयतेला त्यांच्यासाठी वेठीला जावं लागू लागलं. धन्याचा फेटा बदलला, वेठ तीच.

आणि रशिया? 1812 मध्ये नेपोलियन रशियावर चालून येत होता. रशियानं घाईनं बुखारेस्टला तुर्कस्तानशी तह केला. तहात सर्बांसाठी आठवं कलम होतं: माफी मिळेल, कारभार थोडाफार त्यांचा राहील, किल्ले मात्र तुर्कांना परत. ते कलम लिहिताना सर्बांना कुणी विचारलं नाही. त्यांच्या जमिनीबद्दलचा कागद त्यांच्या पाठीमागं झाला. 1813 मध्ये तिन्ही बाजूंनी फौजा आल्या, सगळं बुडालं. काराजॉर्जे नदी ओलांडून ऑस्ट्रियात गेला. बाया-पोरं गुलाम म्हणून विकली गेली.

दोन वर्षांनी, 1815 मध्ये, ते पुन्हा उठले. पुढारी मिलोश ओब्रेनोविच. ल्युबिच, दुब्ल्ये अशा काही लढाया जिंकल्या आणि लगेच बोलणीला बसले. करार काय, तर तोंडी. त्यात रयतेचा हात थोडा मोकळा झाला. तो तोंडी करार सुलतानाच्या शिक्क्याच्या कागदावर यायला 15 वर्षं लागली: 1830. मग स्पाहीचे हिस्से गेले, त्यांच्या जागी सगळ्या मुलखाची एक ठरावीक खंडणी आली, आणि कसणारा माणूस जमिनीचा मालक झाला. 1836 मध्ये असा हुकूम निघाला की कर्ज असलं तरी शेतकऱ्याचं घर, थोडी जमीन, दोन बैल आणि एक गाय सावकाराला घेता येणार नाही. पण मिलोशही साधू नव्हता. 1817 मध्ये काराजॉर्जे परत आला तेव्हा यानंच त्याचा खून करवला. पुढं व्यापार स्वतःच्या मुठीत धरला, एवढा की 1825 मध्ये शेतकरी त्याच्याविरुद्धही उठले.

आपण काय घ्यायचं

ते बंदुका घेऊन लढले. तो काळ वेगळा, आपला रस्ता वेगळा. पण तीन गोष्टी आम्हाला दिसतात.

पहिली. मिशार जिंकलं ते थांबण्यानं. आणि एकट्यानं थांबून उपयोग नव्हता. शेजारचा थांबला आहे याची खात्री होती म्हणून प्रत्येक जण थांबू शकला. जंगल खात्याचे लोक कुदळ-फावडी जप्त करायला येतात तेव्हा एकानं दगड उचलला की पूर्ण पाड्यावर केस होते. ते थांबणं आपल्याला शिकायचं आहे, आणि ते बैठकीत शिकायचं असतं, त्या दिवशी नाही.

दुसरी. निम्मं घ्यावं की घेऊ नये, याला सर्बियाच्या इतिहासात एक उत्तर नाही. 1806 ला नाकारलं, सगळं गेलं. 1815 ला घेतलं, पण पूर्ण व्हायला 15 वर्षं झगडत राहावं लागलं. मग विचारायचं काय? कागद लिहिताना आपण खोलीत होतो का? सही कुणाची? ज्यांना मिळालं ते ज्यांना मिळालं नाही त्यांच्यासाठी उद्या मोर्चाला येतील का? आणि नाकारायचं असेल तर कुणाच्या भरवशावर? नदीपलीकडच्या मोठ्या दोस्ताच्या, की आपल्या पाड्यांच्या?

तिसरी. जमीन सुटली की ती कुणाच्या नावावर चढते ते बघा. सातबारा आल्यावर त्यावर पुढाऱ्याच्या भावाचं नाव दिसलं तर समजा की नवा दाहिया गावात आला. आणि घरच्या बाईचं नाव त्यावर आहे का, हेही बघा. मिशारच्या कोटात भाकरी घरून येत होती असं आपण मघाशी म्हटलं. ती भाकरी कुणी भाजली ते पुस्तकात नाही. आपल्या कागदावर तरी ते नाव असू द्या.

आता प्रश्न तुमच्याकडं. पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्यानं आपलं उत्तर ठरवून यावं. जोडीला आपल्या पाड्यावर किती घरं, किती प्लॉट, कुणाला पावती आहे, कुणाला नाही, याची यादी आणावी. यादीतून एकही घर सुटता कामा नये.

कसेल त्याची जमीन!
जिंदाबाद!